बारा व्होल्टनं शॉक बसत नाही, पण वायर पेटते: हौद्यातल्या प्लगबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, पिकअपच्या हौद्यात लाईट लावायला आणि फवारणी पंपाची बॅटरी चार्ज करायला बारा व्होल्टचा प्लग बसवण्याबद्दल मी लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं असं की बॅटरीपासून मागपर्यंत जाड वायर, फ्यूज, रिले (किल्लीबरोबर लाइन जोडणारा-तोडणारा स्विच) हे सगळं मी उगाच वाढवून ठेवलंय, बारा व्होल्टनं कुणाला शॉक बसत नाही, टेललाईटची वायर हौद्याखालीच आहे तिला जोड मारला की तीनशे रुपयात काम होतं, तुमच्या मित्राच्या गाडीत तसंच चालू आहे आणि मी शेतकऱ्यांना भीती घालून खर्चात पाडतोय. इन्व्हर्टर (बारा व्होल्टचे २३० करणारा डबा) मागंच फिक्स का केला नाही हेही विचारलंय, आणि अमेरिकेतल्या फोर्ड पिकअपचा दाखला दिलाय. एका ओळीत उरकण्यासारखं हे नाही, कारण टेललाईटला जोड मारायचा हा प्रकार आपल्याकडं सर्रास चालतो.

शॉकचं तुमचं बरोबर आहे. बारा व्होल्टला दोन्ही टोकं कोरड्या हातानं धरली तरी काही जाणवत नाही. पण मी शॉकबद्दल लिहिलंच नव्हतं, मी आगीबद्दल लिहिलं होतं. जी बॅटरी डिझेल इंजिनाचा स्टार्टर फिरवते ती काही सेकंद शेकडो अँपिअर देऊ शकते, आणि तिची प्लसची वायर चॅसीच्या धारेवर घासून उघडी पडली की तेवढाच करंट त्या वायरीतून जातो, मधे अडवायला कुणी नसतं. चॅसीच्या त्याच बाजूनं डिझेलचा पाइप गेलेला असेल तर पुढं काय होईल ते मी वेगळं सांगायला नको.

म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात पाहिजे असं लिहिलं. बरेचजण फ्यूज मागं, प्लगजवळ लावतात, दिसायला सोपं पडतं म्हणून, पण मग बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी पाच मीटर वायर मोकळीच राहिली ना? फ्यूज असतो तो वायर वाचवायला, मागं लावलेल्या यंत्रासाठी नव्हे. माझ्या वायरीला ३० अँपिअरचा फ्यूज आहे, आणि ती वायर त्यापेक्षा जास्त करंट आरामात सोसते, हे त्यातलं महत्त्वाचं.

आता तुमच्या मित्राच्या जोडाचं बघू. टेललाईटचा बल्ब साधारण ५ वॅटचा, म्हणजे दोन्ही मिळून १० वॅट, एक अँपिअरसुद्धा नाही, त्यामुळं कंपनी तिथं बारीकच वायर टाकते, अर्धा-पाऊण स्क्वेअर एमएमची. तिच्यावर दीडशे वॅटचा छोटा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर चालवला तर १५० भागिले १२, साडेबारा, वर इन्व्हर्टरचा स्वतःचा लॉस धरून १४ अँपिअर. पाऊण एमएमच्या वायरीत एवढ्या करंटला दर मीटरला साडेचार वॅटच्या आसपास नुसती उष्णता होते, आणि ती वायर काही मोकळ्या हवेत नसते, बाकीच्या वायरींबरोबर पाइपमध्ये आवळलेली असते. पाच मीटरला दीड व्होल्टच्या वर तिथंच जातात, मग इन्व्हर्टर लो बॅटरीचा आवाज करत बंद पडतो आणि माणूस म्हणतो इन्व्हर्टरच भंगार आहे. ठिबकच्या शेवटच्या नळीला प्रेशर मिळत नाही तसंच हे, मोटार चांगली असून पाइप बारीक. शिवाय पार्किंग लाईट चालू केल्याशिवाय त्या वायरीत करंटच येत नाही, म्हणजे दिवसा फवारणीला गेलात तरी लाईट लावून बसा.

पण मला जास्त काळजी वेगळीच आहे. लोड जास्त झाला की टेललाईटचा फ्यूज जातो आणि केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला ते कळतसुद्धा नाही. द्राक्षाचा सीझन म्हणजे रात्री माल भरून तासगावहून सांगलीकडं निघायचं, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, मागून येणारा भरधाव, आणि आपल्या गाडीच्या मागं अंधार. तुमच्या मित्राचा फ्यूज आजपर्यंत गेला नसेल तर दोनच शक्यता आहेत, एक तर ते फक्त मोबाइल चार्ज करत असतील, नाहीतर कुणीतरी १० च्या जागी ३० चा फ्यूज खोचलाय किंवा तार गुंडाळलीय. दुसरं असेल तर ती गाडी आजच थांबवून बघा, मी मनापासून सांगतोय.

जाड वायरीचा हिशोबही मांडतो, कारण खरा खर्च तिथंच आहे. जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची वायर धरली आणि २० अँपिअर ओढले तर दीड एमएमला सव्वादोन व्होल्टच्या वर ड्रॉप येतो, म्हणजे तेवढे व्होल्ट वाटेतच जातात, ४ एमएमला पाऊण व्होल्टच्या वर आणि १० एमएमला साधारण ०.३५. म्हणून १० एमएमची घेतली. मायनससुद्धा बॅटरीपर्यंत स्वतंत्र ओढलीय, मायनससाठी गाडीच्या बॉडीला अर्थ मारला नाही, कारण हौदा चॅसीवर वेगळी बोल्टनं बसवलेली असते, मधे रंग, गंज, पॅकिंग, कॉन्टॅक्टची खात्री कशाची देणार.

रिले कशाला म्हणालात, तर रात्री विसरून राहिलेल्या लाईटसाठी. ५० वॅटचा लाईट म्हणजे ४ अँपिअर, दहा तासात ४० अँपिअर-अवर, म्हणजे ६०-७० ची बॅटरी निम्म्याच्या खाली आली, सकाळी मळ्यात स्टार्टर फिरत नाही आणि धक्का मारायला माणसं शोधायची. किल्ली बंद केली की रिले मागची लाइन तोडतो, बास.

इन्व्हर्टर मागं फिक्स का नाही? आपल्या हौद्यात काय काय जातं ते आठवा. बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या फवारणीची) टाकी, खताची पोती, ओले क्रेट, वरून पाणी मारून हौदा धुणं. मोरचुदाचं पाणी लोखंड-ॲल्युमिनियम खातं, आणि इन्व्हर्टरला पंखा असतो, तो हीच हवा आत ओढतो. त्यात इन्व्हर्टरमधून बाहेर येतात २३० व्होल्ट, तिथं मात्र शॉक जीव घेतो, आणि घरातल्यासारखी आरसीसीबी (करंट गळला की लाइन पाडणारा स्विच) नुसती जोडून भागत नाही कारण बऱ्याच छोट्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थला बांधलेला नसतो, मग ती पडतच नाही. म्हणून मागं फक्त बारा व्होल्टचा झाकणवाला कनेक्टर, उंचावर, तोंड खाली करून. फवारणी पंपाची बॅटरी चार्ज करायची तेव्हा गाडी उभी करून, हौदा कोरडा बघून इन्व्हर्टर जोडायचा, काम झालं की परत केबिनमध्ये.

फोर्डचं म्हणाल तर २०२१ पासूनच्या एफ-१५० मध्ये कंपनी हौद्यात प्लग देते हे खरं आहे, हायब्रिडला ७.२ किलोवॅटपर्यंत. पण ते हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीवर आणि तिच्या मोटारीवर चालतं, व्होल्टेजही तिकडचं १२०-२४०. बारा व्होल्टवरून ७२०० वॅट काढायचे तर ६०० अँपिअर लागतील, आपल्या पिकअपच्या अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) ते होणार नाही. ग्राइंडर, वेल्डिंग चालवायचं असेल तर सरळ जनरेटर घ्या.

एका बाबतीत तुमचं मान्य आहे, फक्त माल भरताना २० वॅटचा एलईडी लावायचा असेल तर १० एमएमची काही गरज नाही, दीड एमएम आणि ५ अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. पण तोही बॅटरीपासून वेगळाच घ्यायचा, टेललाईटमधून नाही.

मित्राला फ्यूजबॉक्स उघडून टेललाईटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते बघायला सांगा, आणि झाकणावर कंपनीनं किती लिहिलाय तेही. दोन्ही आकडे इथंच टाका, मागं काय काय लावतात तेही लिहा, कोणती वायर आणि फ्यूज लागेल ते मी हिशोब करून सांगतो.