बर्बरीन म्हणजे ‘नैसर्गिक ओझेम्पिक’? काहीही!

सध्या जिकडेतिकडे एकच मेसेज फिरतोय, की चिनी औषधातल्या हुआंगलिअनच्या मुळीतलं बर्बरीन म्हणजे नैसर्गिक ओझेम्पिक (डायबेटिसचं इंजेक्शन, वजन उतरवायलाही घेतात ते), काम तेच, वजन तेवढंच उतरतं, कॅन्सरही मरतो, साइड इफेक्ट शून्य, आपल्या दारुहळदीतही हेच असतं आणि फार्मा कंपन्या हे दाबून ठेवतात. यातलं दारुहळदीचं तेवढं खरं आहे.

आधी ‘काम तेच’ घ्या. ओझेम्पिकमधलं सेमाग्लुटाइड जीएलपी-१ हार्मोनची नक्कल करतं, त्याने भूकच कमी होते. बर्बरीन मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, कामात खोडा घालतं, त्यामुळे ऊर्जा कमी पडली की जागं होणारं एएमपीके एन्झाइम चालू होतं, आणि लॅबवाले ते वापरतात तेही बरेचदा याचसाठी. म्हणजे तुलना करायचीच तर मेटफॉर्मिनशी करा ना, डायबेटिसची नेहमीची गोळी, तीही साधारण असंच काम करते, चीनमध्ये ती झालीय पण, २००८ चा पेपर आहे, नवीन डायबेटिस निघालेल्यांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन महिन्यांत एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारी टेस्ट) सरासरी ९.५ टक्क्यांवरून ७.५, मेटफॉर्मिनच्या तोडीस तोड. भारीच आहे, पण पेशंट होते दोन्ही गट मिळून ३६, तेवढ्यावर चालू गोळी बंद करायची?

वजनाचं म्हणाल तर सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या ट्रायलमध्ये (आठवड्याला २.४ मिलिग्रॅम, ६८ आठवडे, सोबत डाएट-व्यायाम) सरासरी १५ टक्के उतरलं. बर्बरीनच्या छोट्या छोट्या ट्रायल एकत्र केल्या तरी आकडा दोनेक किलोच्या आसपास घुटमळतो.

आता कॅन्सर. लॅबमध्ये डिशमधल्या कॅन्सरच्या पेशींवर बर्बरीन थेट ओततात हो, तिथे पेशी मरणारच. तोंडाने घेतलं की गोष्ट वेगळी, आतड्याच्या पेशींत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो तो आत आलेलं बर्बरीन परत बाहेर फेकतो, जे सुटतं त्यातलं बरंचसं आतडं आणि लिव्हर मोडून टाकतात, आणि रक्तात पोचतं ते एक टक्क्याहून कमी. डिशमधला डोस गोळी खाऊन गाठणार कसा?

‘साइड इफेक्ट शून्य’ तर सगळ्यात घातक. चीनमध्ये हे जुलाब थांबवायची गोळी म्हणून विकतात, त्यामुळे बद्धकोष्ठ आणि पोटदुखी आलीच. पण खरी भानगड म्हणजे औषधं मोडणारी लिव्हरची काही एन्झाइम्स ते अडवतं. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांमध्ये सायक्लोस्पोरिनची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात ते औषध) रक्तातली पातळी वाढल्याचं दिसलंय, आणि ते वाढलं की किडनीलाच त्रास. प्रेग्नंट बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्यांनी तर हातच लावू नये, नवजात बाळाची कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते, याच भीतीने सिंगापूरने १९७० च्या दशकात बंदी घातली होती, ती उठायला काही दशकं गेली.

राहिलं दाबून ठेवण्याचं, तर बर्बरीनवर हजारो पेपर छापलेत आणि बाटल्या ऑनलाइन खुलेआम मिळतात. सप्लिमेंट म्हणून विकलं की औषधासारखी मोठी ट्रायल दाखवावी लागत नाही, मग विकणारे कशाला स्वतःहून खर्च करतील?