देवघरातली घंटा आणि सतराचा पाढा

"मॅडम, तुम्ही हेच शिकवता ना? मग बरोबरच असणार," म्हणत शेजारच्या काकांनी फोन माझ्यापुढे धरला. मी सांगलीत विश्रामबागेला राहते, अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. तो मेसेज तोवर मला तीनदा येऊन गेला होता. सोसायटीच्या ग्रुपवर, तासगावच्या सासरच्या ग्रुपवर आणि शाळूसोबतिणींच्या ग्रुपवर. ‘मानसशास्त्राने सिद्ध केलेली मुलं घडवण्याची सूत्रं’ असं शीर्षक, मधे पाव्हलॉव्ह, स्किनर अशी नावं, शेवटी जोडलेले हात. एरवी मी असलं काही वाचून पुढे सरकते. पण काकांनी पाचवीतल्या नातवासाठी देवघरातली घंटा उचलून त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवली होती. काकू वेगळ्याच कारणासाठी चिडल्या होत्या. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिलं सूत्र असं: ‘घंटा वाजवून कुत्र्याला शिकवल्याबद्दल पाव्हलॉव्हला नोबेल मिळालं. तशीच रोज सात वाजता घंटा वाजवा, मूल आपोआप अभ्यासाला बसेल.’

नोबेल मिळालं ते १९०४ साली, आणि ते पचनसंस्थेवरच्या कामाला. इव्हान पाव्हलॉव्ह हा शरीरशास्त्रज्ञ. अन्न तोंडात पडण्याआधीच कुत्र्यांना लाळ सुटते, हे त्याला पचनाचा अभ्यास करताना दिसलं आणि पुढे तो त्याच्या मागे लागला. प्रयोगात घंटेपेक्षा टिकटिकणारा मेट्रोनोम, बझर अशीच साधनं जास्त असत. पण ही झाली नावागावाची चूक, ती सोडून देऊ. खरी गफलत पुढे आहे. त्या कुत्र्याने काही ‘केलं’ नाही. त्याला लाळ सुटली. लाळ आपल्या हुकमाने येत नाही आणि थांबतही नाही. आवाजापाठोपाठ अन्न येतं एवढं त्याच्या शरीराला कळलं, याला आमच्या पुस्तकात अभिजात अभिसंधान म्हणतात.

सासरी म्हैस आहे. सासूबाईंनी बादली वाजवली आणि आंबोणाची पाटी पुढे ठेवली की ती पान्हा सोडते, दुसऱ्या कुणी तीच बादली वाजवली तर मान वळवून बघते आणि तशीच उभी राहते. सासूबाईंनी पाव्हलॉव्हचं नावही ऐकलेलं नाही. पण बादली म्हणजे आंबोण, बादली म्हणजे ओळखीचा हात, ही सांगड रोज जुळते म्हणून हे चालतं. आवाज होत राहिला आणि अन्न आलंच नाही तर पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचीही लाळ हळूहळू आटत गेली. आता काकांच्या नातवाचा विचार करा. घंटा वाजते आणि तिच्यामागून काय येतं? आजोबांचा करडा आवाज, अपूर्णांकांची वही आणि खाली पार्किंगमध्ये चाललेल्या क्रिकेटचा आरडाओरडा. सांगड याचीही बसणारच. महिन्याभराने घंटा वाजली की पोराच्या पोटात गोळा येईल. अभिसंधान काकांचंही यशस्वीच म्हणायचं, फक्त त्यांना हवं होतं ते हे नव्हे.

अभ्यासाला बसणं ही आपण होऊन करायची कृती. तिचा नियम निराळा. एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली मांजरांना खटक्याच्या पेट्यांत कोंडून पाहिलं. दार उघडणारी हालचाल मांजर आधी चुकून करतं, मग ती लवकर लवकर करायला लागतं, कारण तिच्यानंतर सुटका आणि खाणं मिळतं. इथे कृतीनंतर काय येतं त्याला महत्त्व, आधी कुठली घंटा वाजली त्याला कमी. पुढे स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हाच धागा वाढवला.

दुसरं सूत्र, ‘२१ दिवस सलग केलं की सवय लागते’. हे तर कॅलेंडरवरही छापून येतं. याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. ऑपरेशननंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. ‘निदान’ हा शब्द वाटेत गळला आणि नाकाचा नियम अभ्यासाला लागू झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी १२ आठवडे पाहिल्या. त्यांना साधारण ६६ दिवस असं उत्तर मिळालं, पण अंदाजांचा पल्ला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण बाविसाव्या दिवशी पोरगं बसलं नाही की ‘हे आळशीच’ असा शिक्का बसतो आणि शिक्का मात्र २१ दिवसांत जात नाही.

तिसऱ्या सूत्राशी माझं खरं भांडण आहे. ‘भीतीशिवाय विद्या नाही. स्किनरने यालाच नकारात्मक प्रबलन म्हटले आहे.’

मुळीच नाही. बारावीची मुलंही दरवर्षी इथेच मार्क घालवतात, म्हणून मेसेज लिहिणाऱ्याला मी एक संधी देईन. प्रबलन म्हणजे वागणं वाढवणारं काहीतरी. नकारात्मक प्रबलनात एखादा त्रास दूर होतो आणि त्यामुळे वागणं वाढतं. गाडी सुरू केल्यावर ती पीं-पीं करत राहते, पट्टा लावला की गप्प बसते. आपण पट्टा लावायला शिकतो. शिक्षेत उलट: वागल्यानंतर त्रास येतो आणि वागणं कमी व्हावं ही अपेक्षा असते. आणि स्किनर शिक्षेचा पुरस्कर्ता नव्हता, तिच्या विरोधातच तो आयुष्यभर लिहीत राहिला. थॉर्नडाइकचंही सुरुवातीला मत होतं की बक्षिसाने सांगड जितकी घट्ट होते तितकीच शिक्षेने सैल होते. १९३०च्या आसपास त्याने ते स्वतःच बदललं, शिक्षेचा परिणाम त्याला फारच तोकडा दिसला.

नकारात्मक प्रबलन घरात कुठे दिसतं ते सांगते. गणिताच्या तासाच्या दिवशी सकाळी पोट दुखतं. आई म्हणते, "राहू दे आज." पोट थांबतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा दुखतं. मूल खोटं बोलतं असंही नाही, दुखतं खरंच. त्रास टळला, म्हणून टाळणं पक्कं झालं. मार देणाऱ्या घरात हेच जास्त होतं, कारण टाळण्याजोगं तिथे जास्त असतं.

"चार फटकं दिल्याबिगर पोरगं वठणीवर येत न्हाई, आमी बी असंच शिकलो," असं पालकसभेत हमखास ऐकू येतं. मीही तशीच शिकले. चौथीत सतराचा पाढा चुकला की हातावर उभी फूटपट्टी बसायची. सतरा साते चुकलं, एक. सतरा आठे चुकलं, दोन. आज पन्नाशीला आले तरी भाजीवाल्याने सतरा रुपये पाव सांगितलं की मी दीड किलोचा हिशेब त्यालाच करायला लावते, आणि उजव्या हाताची मूठ आपसूक मिटते. गुरुजींनी मला पाढा शिकवला. मी शिकले ते मूठ मिटायला. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला त्यात बंदी आहे, आणि ती बंदी आहे कलम १७ मध्ये. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटीच हसले होते.

भीती कशी चिकटते हे जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२० साली दाखवलं. अकरा महिन्यांच्या एका बाळापुढे पांढरा उंदीर ठेवायचा, त्याने हात पुढे केला की पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा हाणायचा. काही वेळा असं झाल्यावर ते नुसता उंदीर बघून रडू लागलं, मग सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही बिचकू लागलं. एकाच मुलावरचा हा प्रयोग, शास्त्र म्हणून कच्चा आणि माणुसकी म्हणून त्याहून कच्चा. ती भीती काढूनही दिली नाही. काढता येते हे १९२४ साली मेरी कव्हर जोन्सने पीटर नावाच्या मुलावर दाखवलं. तो आवडीचं खात असताना ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा आणि दर वेळी थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटरने सशाला हात लावला. एवढं सावकाश, एवढं साधं.

सांगलीकरांना यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही. माझी आई गावभागात राहते. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ती तीन दिवस वरच्या मजल्यावर अडकली होती. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पण आता ‘पाणी २५ फुटांवर’ एवढं फोनवर वाजलं तरी तिचे हात पिठाचे डबे माळ्यावर चढवायला लागतात. रात्री टाकी भरून वाहिली तरी ती दचकून उठते. तिला हे कुणी शिकवलं नाही, घोकून घेतलं नाही, २१ दिवस तर नाहीच नाही. भावनेचं शिकणं असंच असतं, कधी एका फेरीतही होतं आणि आजूबाजूच्या सगळ्याला लागतं. म्हणून ‘भावना बाजूला ठेवून अभ्यास करायला शिकवा’ हे चौथं सूत्र मला कळतच नाही. बाजूला ठेवायला ती वेगळी असते कुठे?

थोड्या धाकाने अभ्यास होतो, याच्या पुष्ट्यर्थ पुष्कळदा यर्क्स आणि डॉडसन यांचं नाव घेतात. त्यांचा १९०८चा प्रयोग उंदरांवर होता, विजेच्या झटक्यांचा. ओळखायचा फरक ढोबळ होता तेव्हा जोराच्या झटक्याने उंदीर लवकर शिकले. फरक बारीक झाला तेव्हा मात्र सौम्य झटका बरा ठरला. अपूर्णांकांची बेरीज यातल्या कुठल्या खात्यात बसते ते काकांनी ठरवावं.

पाचवं सूत्र एकदम दुसऱ्या टोकाला जातं: ‘प्रत्येक धड्याला दहा रुपये द्या, गोडी लागेल.’ १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांजवळ बसत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे बक्षीस वाईट असं नाही. ज्याला विषयाचा कंटाळाच आहे त्याला सुरुवातीला भडंगाची पुडी दाखवून बसवलं तर मी हरकत घेणार नाही. पण ज्याला गोष्टी वाचायला आवडतं त्याला पानामागे पैसे मोजले, तर आपण त्याच्या खेळाची हमाली करून टाकतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुकानात बसलेली पोरं वडलांचे हात बघत भोपळा घासायला लागतात. तिथे धड्यामागे दहा रुपये कोण देतं?

‘मूल डोळ्यांनी शिकणारं की कानांनी, ते चाचणी करून ओळखा’ यावर जास्त लिहीत नाही. मुलाच्या ‘शैली’प्रमाणे शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा सापडत नाही, असं हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली सगळे अभ्यास धुंडाळून लिहिलं. चाचणीचे पैसे वाचवा.

शेवटचं सूत्र, ‘धडा चार वेळा वाचला की पक्का’. हे खरं वाटतं, कारण चौथ्या वेळी धडा ओळखीचा झालेला असतो. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली हेच तपासलं. एका गटाने उतारा वाचण्याच्या चार फेऱ्या केल्या, दुसऱ्याने एकच, आणि मग तीनदा पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर आले, आठवून लिहिणारे ६१ वर राहिले. आपली फसगत त्या पाच मिनिटांत होते. रात्री आईने विचारलं की सगळं येतं, सहामाहीत काहीच येत नाही, आणि दोघांनाही वाटतं दुसरा खोटं बोलतो.

हे सगळं मी काकांना ओट्यावर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, काकूंनी मधेच घंटा उचलून नेली. मग काका म्हणाले, "पण मॅडम, शेवटची ओळ खरी निघाली." शेवटची ओळ होती, ‘हा मेसेज ११ पालकांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता कळेल.’ त्यांनी पाठवला, आणि त्याच संध्याकाळी मार्केट यार्डातून भावाचा फोन आला, हळद चांगल्या भावानं गेली.

मी त्यांना स्किनरची कबुतरं सांगितली. १९४८ सालची गोष्ट. भुकेल्या कबुतरांपुढे ठरावीक वेळाने आपोआप दाणे येत, ती काहीही करोत. आठांपैकी सहा कबुतरांनी आपापला एकेक विधी बसवला. एक गोल गिरक्या घेई, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसत राही. दाणे येणारच होते, पण त्याआधी आपण काय करत होतो ते त्यांनी धरून ठेवलं. स्किनरने लावलेला अर्थ पुढच्या संशोधकांना पुरता पटला नाही, तेही सांगितलं.

काका खूप हसले. "म्हणजे मी कबूतर," म्हणाले.

रात्री फोन वाजला. काकांनी मेसेज आणखी ११ जणांना पाठवला होता. त्यात मीही होते.