‘कोर्टाची पायरी’ आणि उलटणारी मुदत

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ या म्हणीच्या आधारे एक संदेश बराच फिरतो आहे. उसने पैसे बुडाले किंवा भाऊबंदाने जमीन दाबली तरी दावा लावू नये, कागद जवळ असला की हक्क कुठे जात नाही, फार तर वकिलाची नोटीस धाडावी आणि कोर्ट गरिबाला परवडतच नाही, असे त्यात म्हटले आहे.

म्हण खोटी नाही. दिवाणी दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र खर्च, वेळ आणि मनस्ताप यांचा हिशेब करूनच पायरी चढा, एवढेच ती सांगते. हक्कावर पाणी सोडा असे सांगत नाही.

कागदाविषयीचे विधान सर्वांत घातक आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार उसनवारीच्या वसुलीसाठी साधारणपणे ३ वर्षे मिळतात, तर मालकीच्या आधारे जमिनीचा ताबा परत मागण्यासाठी, समोरच्याचा ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध झाल्यापासून, १२ वर्षे मिळतात. मुदत उलटली की, प्रतिवादीने तो मुद्दा काढला नाही तरी, कलम ३ प्रमाणे न्यायालयाला दावा फेटाळावाच लागतो. जमिनीच्या बाबतीत तर कलम २७ मुळे मूळ मालकाचा हक्कच संपतो. १२ वर्षे असा विरोधी ताबा ठेवणाऱ्याला त्या जमिनीवरील हक्कासाठी स्वतःहूनही दावा लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात स्पष्ट केले. सातबाऱ्यावरच्या नावाने निर्धास्त राहणाऱ्यांना कोणीतरी हेही सांगायला हवे की ती महसुली नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे.

खाजगी देण्याघेण्यात नुसत्या नोटिशीने मुदत थांबत नाही. ऋणकोने मुदतीच्या आत सही करून कर्ज लेखी मान्य केले, तर मात्र तेथून नवी मुदत सुरू होते. नाते जपायचे असेल त्याने निदान एवढी चिठ्ठी तरी घ्यावी.

राहिला खर्च. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. दाखल दाव्यात लोकअदालतीत तडजोड झाल्यास भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते, आणि दावा दाखल होण्यापूर्वीचा वादही तेथे नेता येतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.