अंगठी म्हणजे तेल नव्हे, आणि ती आपोआप विझतही नाही

"मावशी, हे वाच आणि सांग, मी फॉर्म भरू की नको?" एवढं लिहून भाच्याने परवा रात्री एक लांबलचक मजकूर पाठवला. त्याला विद्युत अभियांत्रिकीला जायचं आहे. निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी जायचं होतं. हाच मजकूर त्याआधी तिघांकडून माझ्याकडे आला होता आणि तिन्ही वेळा मी तो अर्धवट सोडला होता. या वेळी मात्र शेवटपर्यंत वाचला, कारण एक अठरा वर्षांचा मुलगा त्यावर आपली पुढची चार वर्षं ठरवायला निघाला होता.

मजकुराचं म्हणणं असं. अद्भुत कादंबऱ्यांमध्ये जगातली जादू ओसरत जाते, ती गोष्ट खरं तर इंधनाची आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली अंगठी, जी घालणाऱ्याला अफाट सत्ता देते आणि शेवटी वितळवून नष्ट केली जाते, ती म्हणजे खनिज तेल. त्याच कादंबरीतल्या मोरियाच्या खाणी ओस पडतात, तो ब्रिटनचा संपलेला कोळसा. एल्फ, म्हणजे तिथले जादूचं बळ असलेले अमर लोक, जहाजांत बसून कायमचे निघून जातात, तो औद्योगिक युगाचा अस्त. १९७३च्या तेलसंकटाने हादरलेल्या लेखकांना पुढचं सगळं दिसलं होतं, पण उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी ते गोष्टींमध्ये दडवून ठेवलं. आणि शेवटी सल्ला: ऱ्हास अटळ आहे, यंत्रं शिकण्यात तरुणपण घालवू नका.

तारखांचं आधी उरकते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन, त्याने हे लेखन डिसेंबर १९३७मध्ये सुरू केलं आणि तिन्ही खंड १९५४-५५मध्ये बाहेर आले. तो वारला २ सप्टेंबर १९७३ला, आणि अरब देशांची तेलबंदी सुरू झाली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. अर्सुला ले गुइनच्या 'द फार्दस्ट शोअर'मध्येही जगातून जादू झिरपून जाते, पण ती कादंबरी १९७२ची आहे. ज्या संकटाने हे लेखक हादरले म्हणतात, ते त्यांची पुस्तकं छापून झाल्यावर आलं.

मोरियाची खाण संपली नव्हती. तिथे राहणाऱ्या बुटक्यांना पळावं लागलं, कारण मिथ्रिल नावाच्या मौल्यवान धातूच्या हव्यासापायी त्यांनी फार खोल खणलं आणि खाली दडलेलं काहीतरी जागं केलं. धातू तिथेच राहिला. ज्याने पुस्तक वाचलंय त्याच्या हातून ही चूक होणार नाही, आणि मला राग येतो तो इथेच: पुस्तक न उघडता पुस्तकाच्या नावाने मुलांना घाबरवायचं.

ब्रिटनच्या कोळशाचंही तेच. कोळसा संपेल ही भीती जुनी आहे. जेव्हन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १८६५मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण उत्पादनाचा कळस गाठला गेला तो १९१३मध्ये, सुमारे २९ कोटी टनांवर. नंतर ते घसरत गेलं, कारण तेल आलं, वायू आला, बाहेरचा कोळसा स्वस्त पडू लागला आणि शेवटी हवामानाचे कायदे झाले. शेवटची खोल खाण, केलिंग्लीची, डिसेंबर २०१५मध्ये बंद झाली. कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोरचं, ३० सप्टेंबर २०२४ला थांबलं. जमिनीखाली कोळसा आजही आहे. तो काढायचा नाही असं ठरलं. त्या ठरवण्यात खाणगावांचे जे हाल झाले ते भयंकर होते, पण ते हाल धोरणांनी केले, रिकाम्या झालेल्या जमिनीने नव्हेत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, जिवावर येत असलं तरी. लॅरी निव्हनच्या कथांमध्ये जादू खरोखरच इंधनासारखी आहे. तिथे जादूला 'मॅना' लागतो, तो जमिनीत ठरावीकच असतो आणि वापरला की गेला. त्याचा मांत्रिक हे शोधून काढतो ते धातूच्या एका चकतीवर. चकतीवर दोन मंत्र घालायचे: एक तिला सतत वेगाने फिरवत ठेवणारा, दुसरा ती फुटू नये म्हणून धरून ठेवणारा. चकती गरगरत राहते, वेग वाढत जातो, आणि एका क्षणी दोन्ही मंत्र एकदम गळून पडतात, कारण त्या जागेतला सगळा मॅना तिने पिऊन टाकलेला असतो. इतकं स्वच्छ चित्र मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत पाहिलेलं नाही. याच कल्पनेवरची 'द मॅजिक गोज अवे' १९७८मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा वाचकांच्या डोक्यात तेलसंकट असणार हे उघड आहे. पण चकती आली ती १९६९च्या कथेत, संकटाच्या चार वर्षं आधी. आणि एका लेखकाच्या कल्पनेवरून सगळ्यांच्या गोष्टींना तोच साचा लावणं हा आळस आहे.

आता अंगठी. टोल्किनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत या प्रश्नाचा निकाल स्वतःच लावून ठेवला आहे. रूपककथा आपल्याला मुळीच आवडत नाही असं तो तिथे स्पष्ट म्हणतो, आणि एक फरक करतो जो मला फार मोलाचा वाटतो. गोष्ट वाचकाच्या आयुष्याला लागू पडणं ही वाचकाची मोकळीक आहे. रूपक म्हणजे लेखकाने वाचकावर गाजवलेली सत्ता. म्हणजे भाच्याला अंगठीत तेल दिसलं तर ते त्याने खुशाल पाहावं. लेखकाने गुपित दडवलं होतं आणि आम्ही ते फोडतोय, हे सांगणं मात्र खोटं आहे.

त्याच प्रस्तावनेत तो एका जुन्या पिठाच्या गिरणीचा उल्लेख करतो. बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोलला त्याचं लहानपण गेलं आणि तो परिसर तो दहा वर्षांचा व्हायच्या आतच विद्रूप होत चालला होता. ती मोडकळलेली गिरणी त्याला पुढे एका चित्रात दिसली. कादंबरीच्या शेवटाकडे तिचे नायक, छोट्या चणीचे हॉबिट, घरी परततात तेव्हा त्यांच्या गावातही जुन्या गिरणीच्या जागी नवी उभी असते, चाकांनी आणि विचित्र यंत्रांनी भरलेली. तिथला एक शेतकरी सांगतो की दळायला धान्य होतं तेवढंच होतं, नव्या गिरणीला जुनीपेक्षा जास्त काम नव्हतंच. पुढे तर दळण थांबलंच. रात्रंदिवस ठोकाठोक, धूर आणि दुर्गंधी तेवढी उरली. ओढ्याचं पाणीही नासलं. या गावात ऊर्जा कमी पडली असं कोण म्हणेल? तिथे ती नको तितकी झाली होती. लोकांची उपासमार होत होती ती त्यांचं धान्य गोळा करून नेलं जात होतं म्हणून.

टोल्किनला यंत्राबद्दल काही म्हणायचंच नव्हतं असं नाही. १९५१च्या सुमारास एका प्रकाशकाला लिहिलेल्या लांब पत्रात तो जादू आणि यंत्र शेजारी शेजारी ठेवतो. दोन्हींमागे एकच ओढ आहे, असं त्याचं म्हणणं: आपली इच्छा झटपट अंमलात यावी, दुसऱ्यांच्या इच्छा चिरडून का होईना. अंगठी ती ओढ आहे. म्हणून ती कधी संपत आलेली नसते. शेवटच्या क्षणापर्यंत ती पूर्ण ताकदीनिशी चालू असते, बोरोमिर या योद्ध्याला हवीशी वाटते, गॅलॅड्रिएल या एल्फ स्त्रीसमोर आयती येते आणि गॅलॅड्रिएल ती नाकारते. ती वितळवली तर एल्फांकडच्या तीन अंगठ्यांचंही बळ जाईल अशी भीती एलरॉन्ड हा एल्फांचा प्रमुख, अंगठीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या सभेत बोलून दाखवतो, आणि तरीही हा धोका पत्करायला एल्फ तयार आहेत असं ग्लॉरफिंडेल हा दुसरा एल्फ तिथेच सांगतो. त्या तीन अंगठ्या बाळगणाऱ्यांचं जहाज निघतं ते त्या होकारानंतर. मजकुराने हा होकारच गाळला आहे. ले गुइनच्या कादंबरीतही मांत्रिक मंत्र विसरतात, रंगाऱ्यांना रंग साधेनासे होतात, कारण मरण नको असलेल्या एका माणसाने जगाला भोक पाडलेलं असतं. गेड हा कादंबरीतला थोर मांत्रिक आपली सगळी शक्ती खर्चून ते बुजवतो.

आणि म्हणूनच 'ऱ्हास अटळ आहे' हा या मजकुरातला सगळ्यात घातक भाग आहे. तेल आपोआप संपेल आणि प्रश्न मिटेल, किंवा तेल संपेल आणि आपण संपू, दोन्हींत माणसाने करायचं काहीच उरत नाही. प्रत्यक्षात काय झालं? हबर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९५६मध्ये सांगितलं की अमेरिकेचं तेल १९७०च्या आसपास कळस गाठेल, आणि १९७०मध्ये ते दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर पोचून खरंच घसरू लागलं. २००८पर्यंत ५० लाखांवर आलं. मग शेल नावाच्या खडकातून तेल काढायचं तंत्र आलं, २०१८मध्ये जुना उच्चांक मोडला आणि २०२३मध्ये सरासरी १ कोटी २९ लाख पिंपं निघाली. हवामान सांभाळायचं तर जेवढं जाळून चालेल त्याहून कितीतरी जास्त इंधन जमिनीत आहे. ते संपायची वाट पाहत बसलो तर ते वेळेत संपणार नाही. अंगठीचा अर्थ तेलाला लावायचाच असेल तर तो असा लागतो: चालू असताना, हाताशी असताना सोडायची वस्तू. आणि ती सोडायची तर वीज कुठून आणायची, कशी साठवायची, तारांमधून कशी न्यायची हे कुणालातरी शिकावं लागेल. भाचा तेच शिकायला निघाला होता.

इंधन महागलं की कारखाने बंद पडतात, हे खरं आहे. १९७४च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती. पण तेव्हाही अडलं होतं ते तेलाच्या भावावर आणि खाणकामगारांच्या पगाराच्या वादावर, आणि तो वाद मिटल्यावर मार्चमध्ये पूर्ण आठवडा परत सुरू झाला.

मी भाच्याला फॉर्म भर असं कळवलं आहे. पुस्तक त्याने कधीच पूर्ण वाचलं नव्हतं हेही त्याने कबूल केलं. आता तो दुसऱ्या खंडात आहे. गिरणीचं प्रकरण पार शेवटाकडे येतं. गावात बांधलेल्या त्या कुरूप चौक्या पाडून त्यांच्या विटांनी लोकांची जुनी घरं दुरुस्त करतात, तेही त्याच्या पुढच्याच पानांत आहे. तिथे पोचलास की फोन कर, असं सांगून ठेवलंय.