चादरीबाहेरचं चाक

नवी सायकल घ्यायची इच्छा दुकानाच्या काचेपाशी होते, हा गैरसमज आहे. ती जुन्या सायकलीच्या आवाजातून होते. पहाटे साडेपाचला सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं निवांत चाललेलो असताना खालून ‘कट्’ असा आवाज येतो. थोड्या वेळानं परत ‘कट्’. सात रस्ता चौकापर्यंत तो सवयीचा होतो आणि विजापूर रोडला लागलो की त्यातले शब्दही ऐकू यायला लागतात : ‘संपली बघा ही. आता दुसरी बघा.’ घरी आधीच तीन सायकली असलेल्या माणसाला हे शब्द जरा जास्तच स्पष्ट ऐकू येतात.

वास्तविक आवाज सांगत असतो वेगळंच. पॅडलच्या दर फेरीला एकदा येत असेल, तर पॅडल, क्रँक (पॅडलचा दांडा) किंवा बॉटम ब्रॅकेट (तो दांडा ज्यावर फिरतो तो आस) यांपैकी काहीतरी ढिलं आहे. दर अडीच फेऱ्यांनी येत असेल, तर चेनची एखादी कडी आखडली आहे. पुढच्या चक्राला ४२ दात आणि चेनला ११०च्या आसपास कड्या, म्हणजे चेन एकदा पूर्ण फिरायला पॅडल अडीचेक वेळा मारावं लागतं. आणि सीटवरून उठलं की आवाज बंद होत असेल, तर दोष सीटच्या दांडीचा. ती उपसायची, पुसायची, बोटभर ग्रीस लावायचं, पुन्हा बसवायची. हे सगळं मला पाठ आहे. म्हणूनच मी फेऱ्या मोजत नाही. मोजल्या तर कारण कळेल, आणि कारण कळलं तर काम दहा मिनिटांचं आहे.

मिस्त्रीकडे तर अशा वेळी मुळीच जाऊ नये. तो चाक उचलतो, गिअर वरखाली करतो आणि म्हणतो, “मालक, मशीनला काय झालं नाही. वायर बदला, झालं.” संपलं. इतक्या दिवसांचं दुःख त्यानं एका वायरीत गुंडाळून हातात दिलेलं असतं.

चेनचंही तसंच. चेन बाद झाली की नाही हे कळायला अनुभव लागत नाही, सुताराचा स्टीलचा टेप लागतो. (शाळेची पट्टी चालत नाही. ती ३० सेंटिमीटरची, म्हणजे बारा इंचाला अर्धा सेंटिमीटर कमी.) एका पिनेच्या मध्यावर शून्य धरायचं. सायकलच्या चेनची एक कडी बरोबर अर्ध्या इंचाची असते, त्यामुळे चोविसाव्या कडीची पिन बारा इंचांवर यायला हवी. ती अर्धा सूत पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. पुरता सूतभर गेली असेल तर चेनीनं फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चक्रांचे, दातही सोबत नेले. सोलापुरात सूत म्हटलं की कुणालाही यंत्रमाग आठवेल. हे सूत इंचाचा आठवा भाग. नुसती चेन नवी टाकली आणि फ्रीव्हील जुनंच ठेवलं, तर उभं राहून जोर लावताना चेन दातांवरून सटकते. मग माणूस म्हणतो, ‘एवढा खर्च केला तरी हिचं रडगाणं चालूच,’ आणि तो वाक्य संपवतो ते दुकानाच्या पायरीवर.

दुकानात पोचायच्या आधी मन हिशेब करून ठेवतं. माझा या वेळचा हिशेब जीएसटीचा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे मूळ २०,००० रुपयांची सायकल पूर्वी २२,४०० ला पडायची, ती आता २१,००० ला. सरळसरळ १,४०० रुपये वाचले. हे १,४०० रुपये वाचवायचे तर २१,००० खर्चावे लागतात, ही गोष्ट मी घरी सांगताना दुसऱ्या दमात सांगतो. नवी चेन, फ्रीव्हील आणि दोन वायरी हे सगळं मजुरी धरून त्या वाचलेल्या चौदाशेच्याच आसपास बसतं, हे मात्र मी कुठल्याच दमात सांगत नाही.

मग येतं गिअरचं आमिष. जुनीला २१, नवीला २४. आकडा मोठा, म्हणजे सायकल मोठी. पण जरा कागद घ्या. पुढे ४२, ३४, २४ दात आणि मागे १४ ते २८ दातांची सात चक्रं, ही एकवीसवाल्यांतली नेहमीची मांडणी. पुढचं ४२ आणि मागचं २८ लावलं तर पॅडलच्या एका फेरीत चाक दीड वेळा फिरतं. पुढचं २४ आणि मागचं १६ लावलं तरी चाक दीडच वेळा फिरतं. असे सगळे भागाकार करून जवळजवळ सारखे निघणारे एकात एक घातले, की एकवीसपैकी खरोखर वेगळे उरतात तेरा. त्यातही मोठ्याला मोठं आणि लहानाला लहान लावायचं नसतं. चेन तिरकी धावते, कुरकुरते आणि लवकर झिजते. म्हणजे नव्या सायकलीतल्या जादा तीन गिअरमुळे माझ्या आयुष्यात फार तर दीड गिअरची भर पडणार. आणि सोलापूर शहर एवढं सपाट, की मी एरवी वापरतो तीन. तुळजापूरला गेलो तर पाच.

वजनाचंही असंच. जुनी १३ किलो, नवी साडेअकरा. जागतिक स्पर्धांमध्ये ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालतच नाही, हे सांगताना माझा आवाज असा येतो की जणू त्या नियमामुळेच मी मागं थांबलोय. पण तुळजापूर इथून सुमारे ४५ किलोमीटर आणि मे महिन्यात सकाळी नऊलाच रस्ता तव्यासारखा. त्या वाटेवर पाऊण लिटरच्या दोन बाटल्या लागतातच. झालं दीड किलो. नव्या सायकलीतून कमी झालेलं वजन मी पाण्याच्या रूपानं परत तिच्यावर चढवतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा वेगळाच.

आता कुठली घ्यायची. खरी दमछाक इथं आहे, कारण प्रत्येक जातीच्या बाजूनं सोलापूर स्वतः साक्ष देतं.

पातळ टायरची रोड बाइक घ्यावी, कारण हायवे सरळ आणि गुळगुळीत. पण हायवेच्या कडेची पांढरी पट्टी ओलांडून एकदा मातीत उतरून बघा. पाऊस पडून गेला असेल तर आमची काळी माती टायरला असा लेप देते की टायर आणि ब्रेक यांच्यातली तीन-चार मिलिमीटरची फट दहा पावलांत भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल खांद्यावर. हलकी असल्याचा उपयोग त्या वेळी मात्र होतो. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांना वाट देत कडेला उतरावं लागतं ते निराळंच.

फोल्डिंग घ्यावी, कारण हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला नेता येईल. पुण्यात उतरल्यावर त्या वीस इंची चाकांवर बसून नेमकं कुठं जायचं, हा प्रश्न दुकानात कुणालाच पडत नाही.

पुढं शॉकअॅब्सॉर्बर असलेली एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल घ्यावी, कारण खड्डे. स्वस्त सायकलीतला तो शॉक म्हणजे नळीत घातलेली स्प्रिंग. दोन-अडीच किलोचा ऐवज. उभं राहून पॅडल मारलं की खाली जातो, खड्डा आला की विचार करत बसतो. खड्ड्याला खरा उतारा म्हणजे जाड टायर आणि त्यात थोडी कमी हवा. हे मी इतक्यांना सांगितलंय की आता मलाच ते पटायला लागलंय.

आणि खडी-मातीच्या वाटांची ग्रॅव्हल बाइक. ही खरी मोहिनी. चाळीस मिलिमीटरचा टायर, वाकडं हँडल, आत ट्यूब नाही. नान्नजकडच्या माळावरच्या कच्च्या वाटा जणू हिच्यासाठीच आखल्यात. मी त्या वाटांनी किती वेळा जाईन? त्या माळावर दुर्मिळ माळढोक दिसतो साधारण तितक्या वेळा.

पण तिच्या बाजूनं एक मुद्दा असा आहे की तो मला आजवर खोडता आलेला नाही : सराटा. ज्यानं बनवला त्यानं सायकलवाल्यांवर काहीतरी जुना राग काढलाय. वाळलं फळ फुटून त्याचे तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा आकाशाकडे बघत राहतो. दिवाळीनंतर कुठल्याही मोकळ्या प्लॉटच्या कडेला सायकल टेकवा आणि मग टायर बघा. मोजायला बसलात तर गाडी चुकेल. पंक्चर काढतानाही लोक घाई करतात. ट्यूब काढून पॅच मारायचा तर आधी पॉलिश पेपरनं घासायचं, सोल्यूशन पातळ पसरायचं आणि ते ओलं चकाकतंय तोवर पॅचला हात लावायचा नाही. चार-पाच मिनिटं थांबून चकाकी गेली की मगच दाबायचा. ओल्यावर दाबलेला पॅच पुढच्या चौकात सुटतो. आणि त्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा. कापूस अडकला तिथं सराट्याचं टोक अजून आहे. बोट फिरवलं तरी सापडतं, पण मग बोटाला पॅच.

ट्यूबलेस टायरमध्ये ६०-७० मिली सीलंट (भोक बुजवणारा चिकट द्रव) ओतलं की असे वीस सराटे ते आतल्या आत बुजवतं. ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. फक्त इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते सीलंट टायरच्या आत वाळून त्याच्या साली होतात. दर दोन महिन्यांनी झाकण काढून बघावं लागतं, भर घालावी लागते. सोलापुरात चार-चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी सोसलेल्या माणसानं आता टायरमधल्या पाण्याचंही वेळापत्रक सांभाळायचं.

एवढं होऊन माप उरतंच. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, मांड्यांमध्ये पुठ्ठ्याचं जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. आलेल्या सेंटिमीटरला ०.८८३ नं गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटची उंची; ०.६६ नं गुणलं की रोड बाइकच्या फ्रेमचा ढोबळ आकार. माझं माप ८०. फ्रेम आली ५२.८. दुकानात आहेत ५२ आणि ५४. गणितानंही माझ्यासारखंच कुंपणावर बसावं याला काय म्हणायचं. यात लहान घ्यावी, कारण लहान फ्रेमची सीट वर करता येते, हँडलचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) एक सेंटिमीटर लांब बसवता येतो. मोठी फ्रेम कापता येत नाही.

मग ट्रायल. दुकानातल्या सायकलीत हवा ठासून असते आणि चेनला ताजं तेल. आपली दहा दिवसांच्या हवेवर तिथवर आलेली. नव्या पेठेच्या गर्दीत दोनशे मीटर, त्यात दोन रिक्षा आणि एक हातगाडी, एवढ्यावर माणूस म्हणतो, ‘काय पळते हो!’ हा निकाल सायकलचा नसतो, पंपाचा असतो. ट्रायलला निघायच्या आधी घरच्या सायकलीच्या बत्तीस मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० पीएसआय हवा भरावी, चेन पुसून थेंब थेंब तेल सोडावं आणि तिच्यावरूनच दुकानात जावं. मी एकदाही हे केलेलं नाही. केलं असतं तर दुकानापर्यंत पोचलो नसतो, वाटेतच समाधान झालं असतं.

आणायचीच ठरली तर रंग काळा घ्यावा. आधीच्या तिन्ही काळ्या असतील तर घरच्यांच्या नजरेत आकडा वाढत नाही. बिंग फुटतं ते व्हॉल्व्हमुळे. एकीला जुन्या पद्धतीची रबरी वालट्यूब, दुसरीला मोटारसायकलसारखं जाड तोंड, तिसरीला बारीक पितळी. पेट्रोल पंपावरची हवा फक्त मधलीला चालते. बाकीच्यांसाठी वाटाण्याएवढे अॅडॉप्टर लागतात आणि ते सापडतात मोहरीच्या डब्यात. “हे कशाचं?” असं घरातून विचारलं गेलं की समजावं, मोजणी सुरू झाली.

त्यावर उपाय म्हणून जिन्याखाली सायकली उलटसुलट लावाव्यात, एकीच्या हँडलपाशी दुसरीची सीट, म्हणजे कमी जागेत मावतात; आणि वरून डबल बेडची जुनी सोलापुरी चादर सोडावी. दोन पूर्ण झाकतात. तिसरीचं मागचं चाक बाहेर राहतं. चौथीसाठी आणखी एक चादर लागणार. चाटी गल्लीत दोन बघून ठेवल्यात. मोराची घ्यावी की चौकड्याची, तेवढं ठरत नाहीये.