इंडेक्सिंग चालू आहे, कृपया माउस हलवू नये

एक तर कम्प्युटरमध्ये एकच डिस्क असावी, नाहीतर घरातल्या वडिलधाऱ्यांनी फाइल मागू नये. दोन्ही एकत्र आलं की काय होतं ते सांगतो.

आमच्या मशीनमध्ये सी म्हणजे 256 जीबीची एसएसडी, डी म्हणजे 1 टीबीची फिरणारी हार्ड डिस्क, आणि तिसरी एका मेलेल्या लॅपटॉपमधून काढून यूएसबी केसमध्ये घातलेली 500 जीबीची, जी कधी ई म्हणून येते कधी जी म्हणून, मधे कुणाचा पेनड्राइव्ह लागलेला असला तर अजून तिसरंच काहीतरी. नवीन डिस्क घेतली म्हणून जुनी काढायची असते हे आमच्या घराण्याला मान्य नाही. चालू आहे ना? मग राहू दे.

तर बाबा म्हणाले, "अरे ते गावच्या जमिनीचं वाटणीपत्र टाइप करून घेतलेलं ना, त्याची एक प्रिंट काढ जरा."

"कुठे ठेवलंय बाबा?"

"कम्प्युटरमध्येच आहे की."

सर्चमध्ये वाटणीपत्र टाकलं. सीवर काहीच नाही, पण ते 'काहीच नाही' निदान पटकन आलं. डीवर सर्च लावला तर वर ती हिरवी पट्टी सरकायला लागली, आणि ज्यांनी ती पट्टी बघितली आहे त्यांना माहितीये की ती तीन चतुर्थांश रस्ता धावत जाते आणि शेवटच्या इंचाला बसते. कारण डी इंडेक्समध्ये नव्हतीच. इंडेक्स म्हणजे कुठल्या फाइलमध्ये काय आहे याची आधीच करून ठेवलेली सूची. विंडोज मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे नेहमीचेच फोल्डर इंडेक्स करतं, बाकी ड्राइव्ह आपण सांगितल्याशिवाय नाही. आणि इंडेक्स नसला की प्रत्येक फोल्डरचं दार वाजवत फिरायचं.

आता यातली खरी गंमत अशी की इंडेक्सची गरज असते हळू डिस्कला, आणि इंडेक्स करून घ्यायचा जाचही तिलाच. एसएसडीचं काय, तिच्यात फिरणारं काही नाही, विचारलं की उत्तर. फिरणाऱ्या डिस्कचं तसं नाही, मिनिटाला 5,400 फेरे मारणारी डिस्क असली तर एक फेरा 11 मिलिसेकंदांचा, त्यात डिस्क वाचणारं हेड इकडून तिकडे सरकायचा वेळ धरा, म्हणजे विखुरलेल्या छोट्या छोट्या फाइल वाचायच्या तर सेकंदाला पाऊणशेच्या आतच काम. पण एकदा का इंडेक्स झाला की तो बसतो सी ड्राइव्हवर, मग डीवरची फाइल शोधायला डीला उठवायलाच लागत नाही, ती झोपलेली असतानाही उत्तर मिळतं. हे कुणी सांगत नाही, सगळे सांगतात "इंडेक्सिंग बंद कर, पीसी फास्ट होईल". भाचा पण हेच म्हणाला, भाचे लोक नेहमी हेच म्हणतात.

म्हणून मी विंडोजच्या सर्च सेटिंगमध्ये जाऊन क्लासिकचं एन्हान्स्ड केलं, म्हणजे सगळा पीसी इंडेक्स कर बाबा. झालं. डीमधून कर्र कर्र सुरू झालं ते रात्री बायको म्हणाली, "अरे त्याला दळण दिलंयस का?" बरं, हा इंडेक्सर स्वभावाने नव्या जावयासारखा, कुणी खोलीत आलं की लगेच हात आवरता घेतो. काम किती झालं बघायला माउस हलवला की लिहून येतं, यूजर ॲक्टिव्हिटीमुळे वेग कमी केला आहे. म्हणजे प्रगती बघायची नाही, बघितली की ती थांबते! मी दाराआडून मॉनिटर बघायला लागलो. घरात फतवा, माउसला कोणी हात लावायचा नाही.

आयटमचा आकडा वाढतच चालला. चार लाखांच्या वर गेला की सर्चच जड व्हायला लागतो असं खुद्द मायक्रोसॉफ्टच्या कागदांत आहे, आणि आमच्या डीवर तर घरातल्या सगळ्या जुन्या फोनचे बॅकअप, म्हणजे गुड मॉर्निंगची फुलं, संकष्टीचे गणपती, तेच गणपती परत. इंडेक्सची फाइल सीवर फुगत फुगत काही जीबी झाली तेव्हा जाग आली, 256 मधून अजून किती देणार.

मग डीच्या प्रॉपर्टीजमध्ये ती एक टिक असते ना, आतला मजकूर इंडेक्स करू द्यायचा की नाही, ती काढली. तर विंडोज प्रत्येक फाइलवर जाऊन एकेक खूण करत बसलं, आणि मधेच परमिशन नाही, परमिशन नाही. माझ्याच घरात मला परमिशन नाही. शेवटी टिक परत घातली, क्लासिक केलं, सगळा सी आपोआप सुटला, डीवरचा फक्त कागदपत्रांचा फोल्डर हाताने जोडला, बॅकअप वगळले, यूएसबीवाली बाहेरच ठेवली, तिचा पत्ताच स्थिर नाही. रिबिल्ड, म्हणजे इंडेक्स पहिल्यापासून बनव, दाबलं आणि सगळ्यांना घेऊन जेवायला बाहेर गेलो.

दरम्यान फाइलींची नावं शोधायला एव्हरीथिंग नावाचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. ते एनटीएफएसची, म्हणजे विंडोज डिस्कवर फाइली ज्या पद्धतीने मांडतं तिची, आतली यादीच थेट वाचतं, त्यामुळे डीसारख्या डिस्कवरचीसुद्धा सगळी नावं बघता बघता हजर. पण नाव काय? वाटणी व्हीने लिहिलं, डब्ल्यूने लिहिलं, काही नाही. तालुक्याच्या कोर्टासमोरचा टायपिस्ट फाइलला नाव देत बसत नसतो, तिथे सगळं न्यू मायक्रोसॉफ्ट वर्ड डॉक्युमेंट, पुढे आकडा.

म्हणजे मजकुरातच शोधायला हवं, आणि आता फोल्डर इंडेक्स झालेला. वाटणीपत्र टाकलं. शून्य.

मग डोक्यात प्रकाश पडला. फाइल युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड मिळाला त्याच्या, आधीच्या मराठी फॉन्टमधली! स्क्रीनवर मराठी दिसतं पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं, कंस, टोप्या न् काय काय. इंडेक्सरने सगळं इमानदारीत वाचलेलं होतं, त्याला ते मराठी आहे हे कसं कळणार! त्याच टायपिस्टचा एक जुना अर्ज सापडला, त्यात जमीन शब्द होता, तो कॉपी करून सर्चमध्ये पेस्ट केला तर नुसता कचरा दिसला, आणि त्या कचऱ्याला डीवरून अर्ध्या सेकंदात फाइल आली. वाटणीपत्र, सह्यांच्या जागेसकट.

तो कचरा पुन्हा लागेल म्हणून कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला. गेल्या रविवारी पाहुणे आले होते, तासभर त्यांचं वायफाय लागेना. बायको म्हणाली, "तू चिकटवलेला पासवर्डच दिला होता मी त्यांना, चुकीचा लिहिलायस का?"