आम्ही कोण, ते रविवारच्या पुरवणीत कळतं

रविवारी सकाळी पोदेराचा भोंगा वाजतो, पाव येतात, चहा होतो आणि मग मी दर वेळची चूक करतो. पेपरची पुरवणी उघडतो.

या रविवारी परत गोवा. लिहिणारे मुंबईचे, नाव मोठं, शेजारी गालाला हात लावलेला फोटो. पहिल्याच ओळीत 'सुशेगाद', म्हणजे निवांत, आरामशीर! पैज लावा माझ्याशी, घाटापलीकडून गोव्यावर आलेला कुठलाही लेख घ्या. तिसऱ्या ओळीच्या आत हा शब्द, पाचवीच्या आत फेणी, आणि शेवटी गोवेकर कसे आपल्याच मस्तीत जगतात त्याचं कौतुक. कौतुक की टोमणा तेही धड कळत नाही. अहो, कोण सुशेगाद? माझी भावजय पहाटे साडेपाचला वेर्ण्याच्या कंपनीच्या बससाठी रस्त्यावर उभी असते. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या डिचोलीत दारादारांत ट्रक उभे राहिले. टायर सडले, बँकेचे हप्ते काही सडले नाहीत. 2018 ला परत तेच. त्या घरांत जाऊन म्हणा की तुम्ही लोक फार सुशेगाद हां. म्हणून तर बघा.

बरं, विषय निवडणुकीचा. साहेबांच्या मते गोव्यात मतदार दोनच जातीचे. एक चर्चला विचारून मत देतो, दुसरा देवाला कौल लावून. चर्चची साष्टी एका रंगाची, देवळांचा फोंडा दुसऱ्या रंगाचा, झालं विश्लेषण. इथे 40 मतदारसंघ आहेत, एकेकात साधारण पंचवीस-तीस हजार मतदार. उमेदवार बारशापासून बाराव्यापर्यंत घरी येऊन बसतो. 2022 ला खुद्द मुख्यमंत्री शेजारच्या साखळीत 666 मतांनी निवडून आले. सांत आंद्रेत तर निकाल 76 मतांवर लागला. 76! एवढी माणसं आमच्या वाड्यावर एका सत्यनारायणाला जेवून जातात. अशा ठिकाणी मत फिरतं ते मुलाच्या नोकरीने, नळाच्या पाण्याने, कुणा मावसभावाच्या रुसव्याने. ते लिहायचं तर चार गावं हिंडावी लागतात. त्यापेक्षा मोपाच्या विमानतळावर उतरा, कळंगुटला राहा, टॅक्सीवाल्याशी बोला, लेख तयार. (भाड्यावरून वाजलेलं असणार आणि तो राग सगळ्या गोव्यावर निघालेला असणार. तेवढं मात्र मी समजू शकतो.)

आणि हे झाले मुंबईवाले. पणजीतले इंग्रजी स्तंभवाले आणखी शहाणे. त्यांच्या लेखी मराठी पेपर वाचणारा गोंयकार म्हणजे विलीनीकरणवाला, गोवा महाराष्ट्रात घाला म्हणणारा, शिवाय अमुक एका पक्षाचा बांधलेला मतदार. जनमत कौल झाला 16 जानेवारी 1967 ला. 34,021 मतांच्या फरकाने गोवा महाराष्ट्रात जायचा राहिला, विषय संपला. तेव्हा माझा जन्मही नव्हता. तरी मी टपरीवर मराठी पेपर हातात घेतला की माझा हिशेब तिथूनच मांडायचा! तिकडे मुंबईवाले उलट बोंबलतात की तुम्ही आमचेच, तुमची कोकणी ही बोलीच. दोघांनाही मला विचारायची गरज वाटत नाही.

सांगतो, फुकटात सांगतो. घरात आम्ही कोकणी बोलतो. भांडतो कोकणीत, समेटही कोकणीत. आरती मराठी, भजन मराठी, जत्रेची पत्रिका मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, पेपर मराठी. आईला विचारलं की तू कोकणी की मराठी, तर ती विचारेल की भात उकडलाय, जेवतोस का. हे कायद्यालासुद्धा कळलंय. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीला सरकारी कामात वापराची मुभा आहे. साष्टीत राशोलला 1616 साली एका इंग्रज पाद्र्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली. त्याला कुठल्या पक्षात घालणार आहात?

आमचे इथले मराठी पेपर काही धुतल्या तांदळाचे नाहीत. चोर सापडला की मथळ्यात 'बिगरगोमंतकीय'. चोर गावचा निघाला तर नुसता 'चोरटा', गाव, जात, प्रांत सगळं गायब. बेळगावकडचा गवंडी आपलं घर बांधतो तोपर्यंत मेस्त, घर पुरं झालं की घाटी. आणि अग्रलेखात कचरा, गुन्हे, वाहतुकीची कोंडी, सगळ्यांचं खापर त्याच्याच डोक्यावर. 'घाटी' मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू. म्हणून तर मुंबईवाल्याने मला 'मस्तीतला गोवेकर' म्हटलं की जास्त झोंबतं.

तर या वेळी गप्प बसलो नाही. रात्री दोन तास बसून संपादकांना पत्र लिहिलं. खाणी, 666, 76, राशोल, सगळं घातलं. बायको म्हणाली, छापणार नाहीत. मी म्हटलं, छापतील.

छापलं. चार ओळी. माझ्या पत्रातलं पहिलं वाक्य, जे मी शिष्टाचार म्हणून लिहिलं होतं, ते जसंच्या तसं: लेख वाचनीय होता. पुढचं सगळं कात्रीत गेलं. वर मथळा त्यांनीच दिला, 'सुशेगाद गोव्याचे सुंदर दर्शन'. खाली माझं नाव. आणि नावापुढे गाव, डिचोलीच्या जागी दापोली.